टाळीने वाचवलेला आवाज
द्राक्षं टिकावीत म्हणून पेटीत घालतात त्या गंधकाच्या कागदाचा वास आला की मला दिंडोरीकडचं एक रिकामं कोल्ड स्टोरेज आठवतं. तिथल्या एका बागायतदाराच्या मुलीने शांतता मिळेल म्हणून रेडिओच्या निवेदिकेच्या चाचणीचं रेकॉर्डिंग तिथे केलं, आणि आवाज असा घुमला की एकदा म्हटलेला 'नमस्कार' पुढच्या हंगामापर्यंत विरू नये. पुन्हा बोलावं तर तिचा घसा बसलेला, आणि फाइल संध्याकाळपर्यंत पाठवायची. मी रेकॉर्डिंग दुरुस्त करून देतो, म्हणून तिच्या वडिलांचा फोन मला आला. "काका, त्याच खोलीत एक टाळी वाजवून रेकॉर्ड करा," मी त्यांना म्हटलं. "निकालाच्या आधीच टाळ्या व्हय?" म्हणत त्यांनी वाजवली. त्या टाळीवरून खोलीचा घुमारा ओळखून मी तो फिल्टरने मुलीच्या आवाजातून पुसून काढला. आता रोज सकाळी सहाला ती रेडिओवर बोलते, आणि श्रेय घ्यायला मी साडेपाचलाच उठून बसतो.