स्पॅनिश म्हातारीची मालवणी

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून घरी आल्याआल्या लिहितेय.

मी स्पॅनिशमध्ये एमए करते. भाषांतराच्या पेपरसाठी मी एक स्पॅनिश कथा निवडली. त्यात एक खेडवळ म्हातारी अख्ख्या गावाला शिव्या घालत फिरते. इंग्रजीत ती बातम्या वाचल्यासारखी बोलायला लागली, म्हणून मी तिला सरळ मालवणीत आणली. डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत रोज जेवताना आईला एकेक पान वाचून दाखवायचे. हसून हसून तिला ठसका लागायचा.

आज सरांनी अर्धी झालेली कथा परत केली. म्हणाले, "भाषांतर इंग्रजीतच हवं. मराठी तपासणार कोण?"

हे त्यांनी मला मराठीत सांगितलं. सर दादरचे आहेत.

मी म्हटलं, "सर, तुम्हीच तपासा ना."

"अगं, तसं आपल्याकडे करत नाहीत," म्हणाले आणि चहा मागवला.

आता सोमवारपर्यंत सगळं इंग्रजीत करून द्यायचंय. घरी आले तर आई भाकरी थापता थापता विचारते, "त्या म्हातारेचा फुडे काय झाला गो?"

तुम्हीच सांगा, म्हातारी आता इंग्रजीत बोलते, हे आईला कसं सांगू?