जुन्या मालकाचं नाव

परभणी जिल्ह्यात जुन्या युरोपीय पोर्सेलीनचा संग्रह करणारा मी एकटाच आहे. माझ्या बायकोच्या मते हा आकडाही एकाने जास्त आहे.

मी चित्रकलेचा शिक्षक. आयुष्यभर पोरांना फुलदाणी काढायला शिकवली, पण फळ्यावर काढतो तसली फुलदाणी प्रत्यक्षात कधी पाहिली नव्हती (पोरांनी काढलेल्या पाहिल्या, त्या बहुतेक घागरी असायच्या). मग एके दिवशी जिंतूर रोडवरच्या भंगारवाल्या चाचांच्या दुकानात, कूलरच्या जाळ्या आणि जळालेल्या पाणबुड्या मोटारींच्या मधोमध मला एक कप दिसला. पांढराशुभ्र, सोनेरी काठ, काठाखाली हिरव्या पानांची नाजूक माळ. मी तिथेच उकिडवा बसलो.

"कुठला हो चाचा हा?"

"निजामाच्या जमान्यातला हाय, सर. लय मोठ्या घरचा माल. घेता, का टाकू ढिगात?"

घेतला! आणि त्यानंतर त्या मोठ्या घरातून दर दोन-तीन महिन्यांनी नेमकी माझ्यासाठीच एखादी वस्तू निघू लागली. घर किती मोठं होतं, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

मी पुस्तकं मागवली, मोबाईलवर वाचलं, रात्रंदिवस अभ्यास केला. ही म्हणजे निओक्लासिकल शैली! दोन-अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या श्रीमंतांना वेलबुट्टीचं अजीर्ण झालं आणि एकदम जुने ग्रीक-रोमन आठवले. मग भांड्यांवर सरळ रेघा आल्या, पानांच्या माळा आल्या, गोल चौकटीत दाढीवाल्या पुरुषाचा चेहरा आला, आणि झुळझुळीत वस्त्रं नेसून हातात हात धरून नाचणाऱ्या बाया आल्या. हे सगळं मी शोभाला, म्हणजे बायकोला, अर्धा तास समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"समदं कळलं," ती म्हणाली. "या बायांना ब्लाउज न्हाई, ते पण कळलं. आता माझं पुसायचं फडकं कुठं टाकलं ते सांगा."

होता होता माझ्याकडे बारा नग जमले. पाच कप, पाच बशा, एक फुलदाणी आणि या सगळ्यांचा राजा: झाकणाचं भलंमोठं सूपपात्र. टुरीन म्हणतात त्याला. दोन्ही बाजूंच्या कड्या म्हणजे शिंगवाल्या मेंढ्यांची डोकी, पोटावर नाचणाऱ्या बाया, झाकणावर सोनेरी बोंड. आणि प्रत्येक नगाच्या बुडाला एकच निळी खूण: दोन आडवी-उभी पानं, आणि त्याखाली चक्क देशाचं नाव, 'फ्रान्स'! पुस्तकातल्या खऱ्या वस्तूंच्या बुडाला नुसत्या वेड्यावाकड्या निळ्या रेघोट्या असायच्या. मला त्या संग्राहकांची कीव यायची. माझ्या वस्तूंवर बघा, स्वच्छ अक्षरात लिहिलेलं!

हा संग्रह मी ठेवला शोकेसमध्ये. ते शोकेस शोभाच्या माहेरहून आलेलं, आणि त्यातून तिचे स्टीलचे डबे मी पलंगाखाली हलवलेले. तिथून आमच्या संसारात जी धुसफूस सुरू झाली ती काही थांबेना. शेवटी तिनेच एक तोड काढली.

झालं असं, की मी हैदराबादच्या बेलसरेबाईंना सहा पानी पत्र पाठवलं होतं. बाई वस्तुसंग्रहालयातून निवृत्त झालेल्या, आणि जुन्या हैदराबाद संस्थानात कुठे कुठे विलायती भांडी पडून आहेत त्याची यादी करत होत्या. त्यांचं उत्तर आलं: "मनमाडला भाचीकडे जाताना परभणीला उतरते. तीन तास आहेत. दाखवा."

मी ते पत्र शोभाला दोनदा वाचून दाखवलं.

"बरं," ती म्हणाली. "बाईंच्या यादीत एक जरी भांडं आलं, तर शोकेस तुमचं. मी जन्मात बोलणार न्हाई. न्हाई आलं, तर दुसऱ्या दिवशी माझे डबे आत आणि तुमच्या नाचणाऱ्या बाया पलंगाखाली!"

"कबूल!" मी म्हणालो. सूपपात्राच्या भरवशावर मी तेव्हा काहीही कबूल केलं असतं.

बाई यायच्या तीन दिवस आधी मला प्रशिक्षणासाठी नांदेडला जावं लागलं. परत आलो तो आधी शोकेसपाशी गेलो (बायकोपाशी नंतर, हे तिने नोंदवून ठेवलेलं आहे). मधला खण रिकामा!

"शोभा! सूपपात्र?"

"अक्का घेऊन गेल्या."

"कुठं?"

"बोरीला. काल बुद्धपौर्णिमा न्हवती का? विहारात खिरीला मोठं भांडं कमी पडायलं म्हणाल्या. म्हणल्या, एवढं झाकणाचं भांडं रिकामं ठेवून काय पूजा करायलाय का हा? मी म्हणलं, न्या."

"आणि तू दिलंस?"

"काढून, पुसून दिलं," शोभा म्हणाली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. बोरीच्या अंगणवाडीत तिची उभी हयात गेली. तिच्यापुढे पाच वर्षांचं पोर आणि पन्नाशीचा भाऊ यांत तिने कधी फरक केला नाही. मी तसाच उलट पावली बोरीवरून जाणाऱ्या जिंतूरच्या गाडीत बसलो. बेलसरेबाई दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होत्या. वाटेत मी सूपपात्राच्या किती ठिकऱ्या झाल्या असतील ते मोजत होतो. एवढ्या मोठ्या पंगतीत, त्या कढत खिरीत, पळीच्या एकेका टोल्याला!

विहारासमोरच्या ताडपत्रीवर गावातली भांडी धुऊन पालथी घातली होती. पातेली, पराती, बादल्या, आणि त्यांच्या मधोमध माझं सूपपात्र. सगळंच्या सगळं! एक टवका उडालेला नव्हता. मेंढ्या जागेवर, बाया नाचतायत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी धावत जाऊन गुडघ्यावर बसलो, आणि माझी नजर त्याच्या पालथ्या बुडाकडे गेली.

निळी खूण नव्हती. पानं नाहीत, फ्रान्स नाही. बूड दगडी पाट्यासारखं घासून खरखरीत केलेलं, आणि त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: 'कालकथित गयाबाई यांच्या स्मरणार्थ. बोरी.'

गयाबाई म्हणजे आमची आई.

इथे परजिल्ह्यातल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे भांडं नावाशिवाय घराबाहेर पडत नाही. लग्नात आलेल्या वाटीवरसुद्धा कोणी दिली, कशाबद्दल दिली, सगळं कोरलेलं असतं. कारण कार्यक्रमात भांडी एकत्र होतात, आणि बिननावाचं भांडं ज्याच्या हाती लागेल त्याचं. आणि दुसऱ्याच्या घरून आलेलं भांडं असेल, तर त्याच्यावरचं आधीचं नाव आधी खोडायचं, मग आपलं घालायचं. एका परातीवर दोन नावं राहिली म्हणून बोरीत दोन भावकींचं बोलणं सहा वर्षं बंद होतं.

"अक्का!" मी ओरडलो. "हे काय केलंस?"

अक्का पदराला हात पुसत आली. "का? अक्षर चांगलं न्हाई का?"

"खालची खूण कुठाय?"

"ते व्हय! जुन्या मालकाचं नाव व्हतं. विंग्रजीत. खोडून टाकलं. उद्या कोणी येऊन म्हणलं आमचं भांडं, तर तू भांडणार हायस का? तुला साधं रिक्षावाल्याशी भांडता येत न्हाई."

"कुणी खोडलं?"

"नावं घालणारा न्हाईच म्हणला, फुटंल म्हणून. पण माझ्या घरी फरशी बसायलीय ना? मिस्तरी म्हणला, आणा इकडं, ही पण फरशीच हाय. त्यानं मशीन लावून एका मिनिटात साफ केलं. नाव बी त्यानंच घातलं. लय हुशार हाय मिस्तरी."

मग मी बोललो. काय काय बोललो ते लिहीत नाही. अडाणीपणा, सत्यानाश, अडीचशे वर्षांचा वारसा असे शब्द त्यात होते, आणि ऐकायला अर्धी बोरी जमली होती. माझा दम संपल्यावर अक्का म्हणाली, "झालं? आता ऐक. देशमुखाच्या वाड्यावर आई खुरपायला जायची. तिला चहा द्यायचे बाहेर कोनाड्यात ठेवलेल्या कानतुटक्या कपात. पेऊन झाला की तिनंच धुऊन परत ठेवायचा. तू लहान व्हतास, मी बघितलंय. तसल्याच मोठ्या घरचं भांडं हाय म्हणतोस ना हे? मग ऱ्हाऊ दे तिचं नाव त्याच्यावर. समद्या गावानं खीर खाल्ली काल त्यातून."

मला एकदम लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मी आणखी अर्धा तास फुगून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही परभणीला आलो. सूपपात्र गोधडीत गुंडाळून अक्काने मांडीवर घेतलं होतं. माझ्या हातात द्यायला ती तयार नव्हती. बेलसरेबाई वेळेवर आल्या. छोट्याशा, पांढऱ्या केसांच्या, गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग. अक्का खुर्चीत, शोभा स्वयंपाकघराच्या दारात, मी शोकेसपाशी पहाऱ्यावर.

बाईंनी पहिला कप उचलला, उलटा केला, आणि भिंगसुद्धा न लावता खाली ठेवला.

"नक्कल आहे."

"बघा ना नीट," मी म्हणालो. "स्वच्छ लिहिलंय, फ्रान्स!"

"म्हणूनच तर! अहो, त्या काळी भांड्यावर देशाचं नाव लिहितच नसत. ती पद्धत पुढे शंभर वर्षांनी आली. आणि हा कप तर त्याच्याही फार नंतरचा, छापील माळेचा. ही पानांची खूण दिसली की मी पुढे बघतसुद्धा नाही."

दुसरा कप. "नक्कल." तिसरा. "नक्कल." दारातली शोभा दर कपागणिक एकेक पाऊल पलंगाच्या दिशेने सरकत होती. पाच कप, पाच बशा, फुलदाणी: अकरा वेळा तोच शब्द! शोभाने पलंगाखालून पहिला डबा ओढल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

आता उरलं सूपपात्र. त्यावरही तीच खूण होती. मला माहीत होतं, शोभाला माहीत होतं, अक्काला माहीत होतं. बाईंनी मेंढ्या पाहिल्या, बाया पाहिल्या, झाकण वाजवलं, मग अक्काच्या मदतीने पात्र उलटं केलं. आणि पहिल्यांदाच भिंग डोळ्याला लावलं.

"इथं काय होतं?"

पाच शिलांमधलं खोटं न बोलण्याचं चौथं शील मी दर पौर्णिमेला सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणतो. मी खोटं बोललो नाही. मी खोकलो.

"जुन्या मालकाचं नाव व्हतं," अक्का म्हणाली. "मी खोडलं."

"कुणाचं नाव?"

"विंग्रजीत व्हतं बाई. मला कुठं वाचता येतंय!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला खोकल्याची आणखी एक मोठी उबळ आली. बाई बराच वेळ त्या खरखरीत बुडावरून बोट फिरवत राहिल्या. "मला तर हेही तसलंच वाटतंय," त्या म्हणाल्या, "पण खुणेशिवाय छातीठोक कसं सांगू?" आणि त्यांनी पिशवीतून वही काढली. खरोखरची यादी! मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं: 'झाकणाचं सूपपात्र. निओक्लासिकल घडण. मूळ खूण नष्ट. अस्सल की नक्कल, सांगता येत नाही. मालक: कालकथित गयाबाई, बोरी.'

"यादीत आलं!" मी ओरडलो. खोकला तत्काळ बरा झाला.

शोभा डबा हातात घेऊन उभी. "तुमचं नाव कुठं हाय त्याच्यात?"

"आईचं आहे."

तिने डब्याकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं. "सासूबाईंचं नाव हाय म्हणून गप बसते," ती म्हणाली, आणि डबा परत पलंगाखाली गेला. तो ढकलताना आवाज मात्र बराच झाला.

पुढच्या रविवारी मी उरलेले अकरा नग वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत भरून बोरीला गेलो. अक्काच्या घरी फरशी अजून अर्धीच बसली होती.

"अक्का," मी खाली बघत म्हणालो, "यांच्यावर पण जुन्या मालकाचं नाव राहून गेलंय."

अक्काने चष्मा लावला, एकेक बशी उलटी करून पाहिली आणि मान हलवली. "आता कळलं व्हय तुला? मिस्तरी, ते मशीन आणा इकडं."

आता माझ्या संग्रहातल्या बाराच्या बारा नगांना नकली म्हणायची जगातल्या कुठल्याही जाणकाराची छाती नाही. शोभाची आहे, पण ती कुठे जाणकार आहे, असं मी म्हणतो. ती बाजारात गेलेली असते तेव्हा.