‘हव’ म्हणाले म्हणून

“‘हव’ नहीं, ‘यस सर’ बोलते हैं. कोटे से सीट मिल जाती है मॅडम, जबान नहीं मिलती.”

विभागप्रमुख फाईलमधून मान वर न काढता बोलले. बालमनोविकाराच्या रेसिडेन्सीतला माझा दुसरा आठवडा. राऊंडवरचे सगळे हसले. मीही हसले. तेच सगळ्यांत वाईट.

घरी हा किस्सा मी सरांची नक्कल करून सांगते. पोरं लोळतात. एक गोष्ट मात्र गाळते. त्यानंतर सात महिने राऊंडला मी तोंड उघडलं नाही. रेल्वे क्वार्टरात जिच्या बडबडीला शेजारी वैतागायचे, ती मी. रायपुरात जन्मलेल्या माणसाला ‘हव’, म्हणजे आमचं ‘हो’, गिळायचं म्हटलं की बाकीचे शब्दही त्याच्यासोबत पोटात जातात. बाबा विचारायचे, “काहून अशी चूप चूप राहून राहिली तू?” मी सांगायची, अभ्यास आहे.

मग रायपूरजवळच्या अभनपूरहून नऊ वर्षांची एक पोट्टी आली. शाळेत दोन वर्षं एक शब्द नाही. ती शिकण्याजोगी नाही, असा डॉक्टरी कागद शाळेला हवा होता, म्हणजे पटावरून तिचं नाव कापता आलं असतं. सरांनी दोन प्रश्न विचारले. ती फरशीकडे बघत राहिली.

“मंदबुद्धि लिखो,” सर मला म्हणाले. “इनके यहाँ ऐसा ही होता है.”

राऊंड पुढे सरकला. तिची आई हळूच म्हणाली, “घर म त दिन भर गोठियाथे.” घरी तर दिवसभर बोलते.

दुपारी मी पोरीशेजारी खाली बसले. “स्कूल म काबर नइ गोठियावस?” शाळेत का नाही बोलत?

ती बराच वेळ माझ्या चपलेचा पट्टा ओढत राहिली. मग म्हणाली, “सब हाँसथें.”

“हव,” मी म्हणाले. “मोर ऊपर घलो.” माझ्यावरही.

तिनं वर पाहिलं. दुसऱ्यांची मनं ओळखायला शिकत होते मी, आणि माझं निदान नऊ वर्षांच्या पोरीनं केलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी फाईल उघडली. तो शब्द नव्हता.

“भूल गईं?”

“नहीं लिखूँगी, सर. बच्ची बोलती है. हम लोग हँसते हैं.”

“परीक्षा मुझे ही लेनी है. याद है ना?”

“हव.”

या वेळी कोणी हसलं नाही.

परीक्षेत मी पहिल्या खेपेला नापास झाले, ते जाऊ द्या. ‘मंदबुद्धि’ हा शब्द त्या राऊंडच्याच दिवशी दुसऱ्या रेसिडेंटनं फाईलमध्ये लिहिला. शाळेनं पोरीचं नाव कापलं. मी फक्त माझा हात स्वच्छ ठेवला होता.

आज विभागातले तसे सगळे कागद सहीसाठी माझ्या टेबलावर येतात. वरून फोन येतात, “लिख दीजिए ना मॅडम, क्या फर्क पड़ता है.”

लिहिणार नाही. आणि आता लिहूही देणार नाही.