बटण नसलेली हळद

पनवेलच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ होता. तो बंद करूनही आता बरीच वर्षं झाली. अजून कोणी ना कोणी रस्त्यात थांबवतं आणि म्हणतं, "काका, आमच्या लग्नाची डीव्हीडी तुम्हीच केली होती." मी हसून पुढे जातो. त्यातल्या एका लग्नाबद्दल मला लिहायचं आहे. त्या लग्नाच्या बाबतीत मी खोटं बोललो, आणि ते खोटं एका मुलीला नऊ वर्षं भोगावं लागलं.

आधी कामाबद्दल सांगतो, म्हणजे माझी चूक नीट कळेल. कॅसेटच्या काळात लग्न एका रांगेत चालायचं. वरात बघायची तर हळदीपासून सगळं पुढे पळवायचं. डीव्हीडी आली आणि मेनू आला. डिस्क घातली की पडद्यावर पहिल्यांदा एक पान येई. त्यावर बटणं असत: हळद, लग्न, जेवण, वरात. रिमोटच्या बाणाने हवं ते निवडायचं. ही पानं बनवण्याचं सॉफ्टवेअर मी पन्नाशी उलटल्यावर शिकलो, चुकत चुकत. पहिल्याच लग्नात बाणांचा रस्ता चुकला. खालचा बाण दाबला की कोणत्या बटणावर जायचं, हे प्रत्येक बटणाला वेगळं सांगावं लागतं. मी एकाला सांगायचं विसरलो. चार दिवसांनी फोन आला, "काका, वरात दिसते, पण जेवणावर काही जाता येत नाही. पाहुणे उपाशी राहिले."

पण मला ते काम आवडायचं. मागे झेंडूचं तोरण हलतंय, प्रत्येक बटणाच्या छोट्या चौकोनात त्या त्या प्रसंगाचं चित्र चालू आहे, निवडलेल्या बटणाला सोनेरी कडा येते आहे. गिऱ्हाईक दुकानात बसून ते बघे आणि प्रत्येकाला स्वतःचं बटण हवं असे. मामांना मामांचं, मित्रांना नाचाचं.

हे लग्न उरणकडच्या एका गावातलं. नवरीचे वडील ती लहान असताना गेले होते. तिला आणि तिच्या आईला थोरल्या काकांनी सांभाळलं होतं. लग्नही त्यांनीच उभं केलं. त्या गावांत हळद लग्नापेक्षा मोठी असते. धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणत सगळे विधी करून घेणारी बाई, पाटाशेजारी बसते आणि एकेक सवाष्ण पुढे येऊन नवरीला हळद लावते. आई विधवा. ती आत चुलीपाशी होती. कोणी तिला मज्जाव केला नव्हता, तसं करायची गरजच नव्हती. तिची ती आत जाऊन बसली होती.

हळद उरकली, सगळे जेवायला उठले. मांडवात पाटावर नवरी, शेजारी म्हातारी धवलारीण आणि कॅमेरा घेऊन मी. म्हातारीने वाटीत बोट फिरवून बघितलं आणि आत हाक मारली, "ये गो बाय, उरलीय थोरी. तुजी पोर हाय, कोन काय बोलनार हाय?"

आई दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. म्हातारी म्हणाली, "लवकर ये, माजा भात थंड होतोय." तेव्हा ती आली. तिने गालाला, कपाळाला, हाताला हळद लावली, मुलीच्या कानाशी काही बोलली आणि पदराने हात पुसत आत निघून गेली. एवढंच. एक मिनिटसुद्धा नसेल. मी ते घेतलं.

महिन्याभराने काका मेनू बघायला दुकानात आले. मोठा, मोकळा माणूस. स्वतःचा फोटो मेनूवर बघून खूश झाले. "माजा बटन कुठंय?" म्हणाले. आम्ही दोघं हसलो. मग त्यांनी हळदीचा भाग लावायला सांगितला. मी हळदीचे दोन भाग केले होते, बायकांची हळद आणि आईची हळद. दुसऱ्याला वेगळं बटण दिलं होतं, कारण मला ते चित्र आवडलं होतं. ते बघून काकांनी खुर्ची पुढे ओढली.

"हा भाग काढा, शूटिंगवाले. नवऱ्याकडची मानसं बघतील. पोरीचं काय वाईट झालं, तर तिच्या आयशीच्या नावानं बोलतील."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती, हे मी आजही सांगेन. आणि भावजयीवर बोल येऊ नये असंच त्यांना वाटत होतं. मी बरं म्हणालो.

आता माझी गोष्ट. तो भाग काढला तर अख्खी डिस्क पहिल्यापासून बनवावी लागणार होती. माझ्या कॉम्प्युटरला त्याला एक पूर्ण दिवस लागे. नुसतं बटण काढलं तर फक्त मेनू पुन्हा बने, तासाभराचं काम. मी बटण काढलं. आईची हळद डिस्कवर तशीच राहिली, पण तिच्याकडे जाणारा रस्ता उरला नाही. पुढे मी मनाशी म्हणू लागलो की माझ्याने ते पुसवलं नाही. ते खरं नाही. मी कंटाळा केला.

दोनेक वर्षांनी ती मुलगी दुकानात आली. कंटेनर यार्डच्या ऑफिसात नोकरी करत होती, गळ्यात तिथलं ओळखपत्र तसंच होतं. आई नुकतीच गेली होती.

"काका, आईने मला हळद लावली होती. सगळे जेवायला गेले तेव्हा. ते शूटिंगमध्ये आलंय का?"

मी म्हणालो, "कधी म्हणालीस?"

"तुम्ही होतात ना तिथे. धवलारीण होती. ती पण वारली. घरी कोणी मानतच नाही. आई स्वतः म्हणायची, मी नाही लावली, तुला भास झाला असेल. घाबरायची ती. पण आता मलाच वाटायला लागलंय की खरंच भास झाला का."

मी तिच्याकडे न बघता बोललो. "त्या वेळी मी टेप बदलत होतो बहुतेक. मला तरी आठवत नाही."

काकांना शब्द दिला होता, हे एक कारण. त्यांच्या घरातली पुढची दोन लग्नं माझ्याकडे होती, हे दुसरं. आणि आत्ता सांगितलं तर बटण मी काढलं हे सांगावं लागेल, हे तिसरं. ती म्हणाली, "बरं." पायरीवर जाऊन पुन्हा वळली. "आई हळद लावत होती, त्यातलं तुम्हाला काहीच आठवत नाही?" मी नाही म्हणालो. म्हणजे त्या मांडवातला शेवटचा साक्षीदारही उलटला.

लग्नं मोबाइलवर दिसायला लागली, डिस्क कोणी मागेना, तेव्हा मी दुकान आवरायला घेतलं. प्रत्येक कामाची एक प्रत मी ठेवत असे. तिच्या लग्नाची डिस्क हाताला लागली. जुन्या प्लेअरच्या रिमोटवर आकडा टाकून थेट भागावर जाता येतं, मेनूची गरज नसते. मी एकेक आकडा टाकत गेलो. पाचव्याला दारात उभी असलेली आई आली.

तिचा नंबर शोधायला आठवडा गेला. फोनवर मी सगळं सांगून टाकलं, टेप बदलण्याचं खोटंसुद्धा. ती म्हणाली, "म्हणजे ती माझ्याच कपाटात होती."

"हो."

"दर वर्षी आईच्या तिथीला मी ती डिस्क लावते, काका. हळद लावते, बायका बघते आणि बंद करते." मी माफी मागायला लागलो, तर तिने थांबवलं. "मला नका सांगू. मोठ्या काकांच्या घरी या रविवारी. त्यांच्यासमोर सांगा."

मी प्लेअर पिशवीत घालून एसटीने गेलो. काका आता खाटेवर होते, पाय सुजलेले. मला ओळखून म्हणाले, "आलाव का शूटिंगवाले? माजा बटन आनला?" मला हसता आलं नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं: आईने हळद लावली होती, मी ती घेतली होती, मी ती लपवली आणि ही विचारायला आली तेव्हा मी खोटं बोललो. काकांचं नाव मी घेतलं नाही. काकूंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग काकाच बोलले.

"मीच सांगलं व्हतं त्याला. लावली व्हती तिनं. मी बघलंय या डोल्यांनी, टीव्हीवर."

मुलगी त्यांच्याकडे वळली. "मग मला वेडी का म्हणत होतात?"

डोळे पुसायला काकांनी उशीची खोळ ओढून घेतली.

मी प्लेअर जोडला, पाचचा आकडा टाकला. आई दारात आली, थांबली, पुढे झाली. चित्र एका जागी अडकलं, पुन्हा सुरू झालं. आवाज मात्र नव्हता. त्या काळात मी सगळ्या हळदीवर ढोलाचं एकच संगीत चढवत असे, आणि खालचा खरा आवाज काढून टाकत असे. मूळ टेप तर तेव्हाच पुढच्या लग्नाला वापरली गेली होती. आई मुलीच्या कानाशी वाकली, तिचे ओठ हलले आणि आम्हाला ढोल ऐकू आला. मला तिथून उठून जावंसं वाटलं. म्हणालो, "ती काय बोलली ते आता कुठेच नाही, बाळ. तेही मीच घालवलं."

"ते आहे," ती म्हणाली. "ते मला माहीत आहे. मी सांगणार नाही." मग रिमोट हातात घेऊन तिने पुन्हा पाच दाबलं. चौथ्या वेळी काकू तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

निघताना ती माझी पिशवी घेऊन फाटकापर्यंत आली. मी विचारलं, नवी डिस्क करून देऊ का, मेनूवर आईचं मोठं बटण घालून? तिने मान हलवली.

"मेनू नको. डिस्क घातली की आधी तेच लागू दे. बाकीचं ज्याला बघायचं त्याने शोधावं."

दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी केलेलं ते शेवटचं काम. या वेळी अख्खी डिस्क पहिल्यापासून बनवली. पूर्ण दिवस लागला. ती घ्यायला आली तेव्हा मी तिला चहा विचारला. तिला कामावर जायचं होतं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.