माझा आलेख चुकीचा नव्हता

सरांनी माझ्या आलेखावरचा एक आकडा पाहिला, बाकी आलेख वाचला नाही. दोन बोटांनी टोकाला धरला, ओल्या कपड्यासारखा उचलला आणि टेबलाखाली सोडून दिला. सोळा जणांची बॅच बघत होती.

"थ्रेशोल्ड एकेचाळीस? हा लेझर आहे का कंदील?"

बॅच हसली.

"पुडे बांधणाऱ्यांच्या घरात लेझर कळत नसतो. तुम्हाला ॲडमिशन फुकटात मिळते, आता मार्क पण फुकटात पाहिजेत?"

या वेळी बॅच जास्त हसली. बाहेरून आलेले परीक्षक समोसा खात होते. तेही हसले. मी वाकून टेबलाखालून माझा कागद काढला. सरांचे बूट बाजूला झाले नाहीत. बुटांच्या मधूनच काढावा लागला.

मी सालेकसा तालुक्यातली. घरी गोंडी बोलतात. माझे आईबाप उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडतात, पानं मोजून त्याचे पुडे बांधतात आणि फडावर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेऊन देतात. हे सरांना माहीत होतं, कारण स्कॉलरशिपच्या फॉर्मवर वडिलांचा धंदा लिहावा लागतो आणि त्या फॉर्मवर सही सरांची. ज्या कागदानं मला शिकायला मिळालं त्याच कागदावरून त्यांनी शिवी उचलली.

आता तो लेझर. शेवटच्या वर्षाला आम्हाला फोटॉनिक डिव्हायसेस हा विषय होता. प्रॅक्टिकल असं, की लेझर डायोडला थोडा थोडा करंट देत जायचा आणि प्रत्येक वेळी उजेड किती पडतो ते मोजायचं. आधी तो नुसता मिणमिणतो. मग करंट एका आकड्याला पोचला की उजेड झपकन वाढतो. मिलिअँपिअरमधल्या त्या आकड्याला थ्रेशोल्ड म्हणतात. डायोड तापला की थ्रेशोल्ड वर सरकतो. हे पुस्तकात आहे, सरांनी स्वतः फळ्यावर लिहून दिलेलं आहे.

आणि परीक्षा एप्रिलमध्ये. गोंदियातला एप्रिल. लोडशेडिंग सुरू, लॅबचं जनरेटर फक्त लेझरच्या किटपुरतं, पंखे बंद. टेबलाला हात लावला तर चटका बसायचा. अशा खोलीत तो म्हातारा डायोड एकेचाळीसला पेटला. मी तीनदा घेऊन पाहिलं. तिन्ही वेळा एकेचाळीस. मी एकेचाळीस लिहिलं.

बाकी पंधरा जणांनी तीस लिहिलं. कारण मास्टर जर्नलमध्ये तीस होतं.

मास्टर जर्नल म्हणजे कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवलेली एक जुनी वही. किट नवी होती तेव्हा कुणीतरी घेतलेली रीडिंगं. दरवर्षी नवी बॅच त्याच वहीची झेरॉक्स काढते, पाठ करते आणि परीक्षेत उतरवते. चालू किट एकच, लेझरची. कुणाला कुठला प्रयोग याच्या चिठ्ठ्या उचलायचं नाटक व्हायचं, पण प्रत्येकाच्या चिठ्ठीत लेझरच. पाच मिनिटं किटसमोर उभं राहायचं, बटन फिरवायचं, जागेवर येऊन वही आठवायची. सरांना हे माहीत होतं. सर तीस बघायचे आणि गुण द्यायचे.

माझी मैत्रीण अर्चना आदल्या दिवशी मला म्हणाली होती, "अवो, पाठ कर ना. सगळेच करून राहिले. तुले काऊन कीडा चावला?"

मी म्हटलं, "मशीन आहे ना समोर. मग पाठ कायले करू?"

ती म्हणाली, "मशीनले मार्क देता येत नाही. सरले येते."

बरोबर होतं तिचं. निकाल लागला. लेखी परीक्षेत मी वर्गात दुसरी. प्रॅक्टिकलमध्ये नापास. प्रॅक्टिकलला वेगळं पास व्हावं लागतं, म्हणून पूर्ण वर्ष गेलं. कॅम्पसमध्ये नोकरीसाठी निवड झालेली होती, तीही गेली.

लॅबमधले शिपाई भाऊ मला व्हरांड्यात गाठून हळूच बोलले, "ते बाहेरचे साहेब कोऱ्या मार्कशीटवर सही करून दुपारच्या गाडीनं निघून गेले होते, बाई. आकडे मागून भरले. मी काही बोललो नाही हं."

तेवढं पुरे झालं. माहिती अधिकाराचा कायदा तेव्हा नवाच होता. आम्ही काही पोरं गावोगावी त्याची पत्रकं वाटायचो. दुसऱ्यांचे अर्ज लिहून द्यायचो, रेशनचे, रस्त्याचे. आता स्वतःसाठी लिहिला. माझ्या बॅचच्या सोळाही उत्तरपत्रिका पाहायला द्या. दोन ओळींचा अर्ज.

आठ दिवसांत सरांनी बाबांना बोलावलं.

मला नाही. बाबांना. बाबा सकाळच्या पॅसेंजरनं आले. धुतलेलं धोतर, लग्नातला शर्ट. सरांच्या केबिनमध्ये दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. सरांनी बस म्हटलं नाही, बाबा बसले नाहीत.

"देखो, लडकी हुशार है," सर म्हणाले. सर एकदम गोड झाले होते. "गुस्से में अर्ज टाकला तिनं. तो मागे घेऊ दे. आणि एवढंच लिहून देऊ दे, की रीडिंग घेताना माझ्याकडून चूक झाली. मी रिचेकिंगमध्ये पास करून देतो. वर्ष वाचेल."

बाबांनी हात जोडले. "साहेब, पोरगी लहान आहे. माफ करा तिले."

मग माझ्याकडे वळले. "लिहून दे ना बाई. एका ओळीची तं गोष्ट आहे. तुहं साल जाऊन राहिलं."

सरांनी कागद सरकवला. त्यावर पेन ठेवला. टोपण काढून ठेवला.

मी पेन उचलला, टोपण लावलं आणि परत ठेवला.

"सर, किट आणा. आता, इथंच. तुमच्या हातानं रीडिंग घ्या. तीस आलं तर लिहून देते."

सर बाबांना म्हणाले, "बघा. हे असं आहे. यांना वर आणलं की डोक्यावर बसतात."

यांना. बाबा त्या शब्दात उभे होते, जोडलेल्या हातांसकट.

बाहेर आलो. स्टेशनापर्यंत बाबा माझ्या दहा पावलं पुढे चालत राहिले. मला वाटलं, रागावले. प्लॅटफॉर्मवर बसल्यावर म्हणाले, "खरं सांग. तुहं बरोबर होतं का?"

"होतं, बाबा. तीनदा मोजलं."

त्यांनी स्वतःचे दोन्ही तळवे उघडून पाहिले.

"मंग माहे हात काऊन जोडवले?"

सरांनी माझं वर्ष घेतलं, ते मी पुन्हा भरलं. त्याच लॅबमध्ये बसले, तोच डायोड तापवला, जे आलं ते लिहिलं आणि पास झाले, कारण त्या वर्षी सरांच्या जागी परीक्षक दुसरे होते. पण माझ्या बापाचे जोडलेले हात मी अजून सोडवू शकलेली नाही.

उत्तरपत्रिका सात महिन्यांनी मिळाल्या. मी त्या आमच्या अंगणात ओळीनं मांडल्या. मास्टर जर्नलमध्ये एक चूक होती. करंट दोन दोननं वाढत जातो, तिथं तीसनंतर बत्तीस पाहिजे. कुणीतरी अडतीस लिहिलं होतं आणि पुढं पुन्हा चौतीस. तीस, अडतीस, चौतीस. पंधराच्या पंधरा उत्तरपत्रिकांत तेच. पंधरा माणसांचा हात एकाच जागी घसरला होता आणि प्रत्येक घसरणीखाली सरांची लाल बरोबरची खूण होती.

तक्रार केली. चौकशी बसली. सर एक वर्ष परीक्षकांच्या यादीतून बाहेर राहिले. एकच. मग यादीत परत आले, हार घालून. त्यांच्या सत्काराच्या फोटोत ते बाहेरचे परीक्षकही आहेत.

लोक म्हणतात, झालं ते झालं, तू आता तासिका तत्त्वावर शिकवतेस, पोरांचं प्रॅक्टिकल घेतेस, विसर. माझ्या लॅबमध्ये झेरॉक्स चालत नाही, पोरगं जे मोजेल ते मी त्याच्या शेजारी उभी राहून मोजते. पण तेवढ्यानं माझा हिशेब मिटत नाही. मी विसरायला बसलेली नाही आणि चांगलं माणूस म्हणवून घ्यायची मला हौस नाही.

सर, तुमच्या मागच्या पाच बॅचच्या उत्तरपत्रिका मी मागितल्या आहेत. नंतर त्याआधीच्या पाच मागीन. तुम्ही ज्यांना नापास केलं त्यांची घरं मी शोधत आहे. देवरीत दोन सापडले, बिरसीत एक. तिघांनीही खरं मोजलं होतं. तुमच्या सेवानिवृत्तीला अजून वेळ आहे. तोवर तुम्हाला एक परीक्षा सुखानं घेऊ देणार नाही. चौकशीच्या खोलीत तुम्हाला उभं ठेवतील तेव्हा समोरच्या खुर्चीवर माझे बाबा बसलेले असतील. त्यांना मी आताच सांगून ठेवलं आहे, हात मांडीवर ठेवा.