नाहीसा होणारा खोडवा

सांगलीतल्या आमच्या छोट्या कंपनीने एका साखर कारखान्यासाठी ऊसनोंदीचा प्रोग्रॅम केला. त्यातला वरचा पट्टा माझा. पट्टा म्हणजे स्क्रीनच्या डोक्यावरची बटणांची रांग. तिला आम्ही रिबन म्हणतो आणि तिच्यावरच्या नावांना टॅब. लागण, तोडणी, छपाई. नावावर क्लिक केलं की खाली त्याची बटणं येतात. चौथा टॅब खोडव्याचा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाचा, आणि तो माझा भारी लाडका. एरवी तो दिसायचाच नाही. यादीत एकदा तोडून झालेला प्लॉट निवडला की हजर, निवड सुटली की गायब. नको तेव्हा नको ती गोष्ट माणसासमोर कशाला, असा माझा विचार. ऑफिसात सगळ्यांनी पाठ थोपटली आणि मीही ती थोपटून घेतली.

कारखान्याच्या कडेगावच्या गट ऑफिसात नोंदी करायला एक बाई होत्या. सगळे त्यांना आक्का म्हणत, मीही म्हणू लागलो. उभा जन्म त्यांनी रजिस्टरं लिहिलेली. कुणाच्या कुठल्या रानात कुठला ऊस, हे तोंडपाठ. प्रोग्रॅम बसवून, शिकवून मी परत आलो आणि त्यांचे फोन सुरू झाले.

“सर, मगाशी खोडवा हुता, आता न्हाई.”

“ओळ निवडली का?”

“निवडली की.”

“मग दिसणारच. तुम्हाला दाखवलं होतं, आक्का. विसरलात.”

हे ‘विसरलात’ मी त्या पंधरवड्यात किती वेळा म्हणालो असेन, देव जाणे. माझं डोकं मुळातच गरम, त्यात फोनवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे जीभ आणखी सैल सुटते. एकदा फोन ठेवून मी शेजारच्याला म्हणालो, आक्कांच्या डोक्यावर परिणाम झालाय. तो हसला. मीही हसलो.

मग फोन बंद झाले. मला वाटलं, आल्या एकदाच्या लाइनीवर. पुढच्या आठवड्यात प्रिंटर जोडायला कडेगावला गेलो, तर त्या टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होत्या. नोकरी सोडायचा अर्ज होता.

“अहो आक्का, एवढ्याशा टॅबसाठी?”

“टॅबचं न्हवं, सर. माझ्या आईचंबी आसंच झालं हुतं. आदी चुलीवरचं दूध इसरायची. मग घर. मग आमाला. आता मला एक गोष्ट दिसती आन् वर बघंस्तवर नसती. तुमी ‘विसरलात’ म्हणायचा, तवा घाम फुटायचा मला. कुणाच्या नोंदीत घोटाळा व्हायच्या आदी उठल्यालं बरं.”

एक नोंद करून दाखवा, मी म्हणालो.

त्यांनी माऊस धरला. बरोबर ओळ निवडली. वर खोडवा आला. मग त्यांनी बाजूच्या रिकाम्या पांढऱ्या जागेवर एक क्लिक केलं आणि वर पाहिलं. खोडवा गेला होता.

“हे मधलं क्लिक कशाला केलंत?”

“पट्टी बाजूला ठिवली की,” त्या म्हणाल्या.

रजिस्टरात ओळ चुकू नये म्हणून त्या ओळीखाली लाकडी पट्टी धरायच्या. ओळ सापडली की पट्टी बाजूला, मगच पेन. नाहीतर पट्टीला शाई लागून पान खराब होतं. तेच अंगवळणी पडलेलं. त्या पट्टी उचलत होत्या आणि माझ्या प्रोग्रॅमला वाटत होतं, यांनी प्लॉट सोडला. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“आक्का, तुम्ही काही विसरत नाही. तो टॅब खरंच जातो. मीच तसा केलाय.”

“म्हंजे मला दिसतंय ते खरं हाय?”

“खरं आहे.”

त्यांनी हेच आणखी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं आणि तिथेच बसून तो टॅब कायमचा दिसेल असा केला. त्या रागावतील, निदान चार शब्द सुनावतील, असं वाटत होतं. त्यांनी अर्जाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि मोबाइल बाहेर काढला.

“लेकीला फोन करती,” त्या म्हणाल्या. “तिला सांगून ठिवलं हुतं, उद्या मी तुला वळखलं न्हाई तर वाईट वाटून घिऊ नगंस.”