सीटवरचा रुमाल

रत्नागिरीहून काश्मीरपर्यंत नुसत्या बसने जायचा बेत मी सध्या आखतोय. विमानातून माणसं दिसत नाहीत, हे माझं आवडतं वाक्य. काल सराव म्हणून चिपळूणची एसटी धरली. खिडकीतून सीटवर रुमाल टाकला आणि खाली चहा पीत एका अनोळखी गृहस्थांना हा बेत रंगवून सांगत राहिलो.

वर चढलो तर गाडी भरलेली. माझ्या रिकाम्या सीटला टेकून दिवस भरत आलेली एक बाई उभी होती.

"तुमचाच ना रुमाल? दोघंजण बसायला आले होते. मी म्हटलं, इथं माणूस आहे."

"अहो, मग तुम्हीच बसायचं ना!"

"तुम्हाला लांब जायचंय ना, काश्मीरला. ऐकलं मी खिडकीतून."

रुमाल टाकला की जागा आपली, हा कायदा कुठेच लिहिलेला नाही. तो पाळायचा मात्र उभं राहणाऱ्यांनी.

तिला बळेच बसवलं. तिने रुमालाची नीट घडी घालून माझ्या हातात दिली. चिपळूणपर्यंत घाम कानामागून ओघळत होता, पण त्या रुमालाने तोंड पुसायचं धाडस काही झालं नाही.